दोन डिस्कचा डबा: आमगाव ते कोहमारा, आणि परत

शनिवार, २३ फेब्रुवारी २०१३. खिशात रोख अठरा हजार रुपये, पाचशेच्या छत्तीस नोटा. हजर: मी, माझी पत्नी सुमन, आणि गोधडीत गुंडाळलेला एक लॅपटॉप.

प्रवास नकाशावर बोटभर आहे. आमगावहून गोंदिया, तिथून बिरसी, दुसऱ्या दिवशी कोहमारा, तिसऱ्या दिवशी सालेकसा. सगळे एकाच जिल्ह्यात. माझे शेजारी चारधाम करून आले, तेव्हा त्यांना सांगायला दोन संध्याकाळी पुरल्या. मला या तीन दिवसांबद्दल अजून बोलायचे आहे, आणि घरात कोणी ऐकून घेत नाही, म्हणून लिहितो.

आमगाव

आधी लॅपटॉपबद्दल. सुमन जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे, मी आमगावातल्या एका राइस मिलमध्ये मुनीम. आम्ही पोवार. घरात पोवारी बोलतो. ती बोली सगळ्यांना कळणार नाही म्हणून इथे मराठीत लिहिले आहे. आमचे वाडवडील माळव्यातून आले आणि येताना लग्नाची गाणी घेऊन आले. मांडवाचे गाणे वेगळे, हळदीचे वेगळे, मुलगी निघतानाचे वेगळे. आता लग्नात डीजे असतो आणि ही गाणी फक्त म्हाताऱ्या बायकांपाशी उरली आहेत. आठ वर्षे झाली, सुमन दर रविवारी कुठल्या ना कुठल्या टोल्यावर, म्हणजे वस्तीवर, जाऊन ती रेकॉर्ड करते. दोनशे सत्तर गाणी झाली, शिवाय जुन्या पद्धतीच्या काही लग्नांचे अख्खे व्हिडिओ. गाणाऱ्यांपैकी अकरा जणी आज नाहीत.

तिचा एक नियम आहे. गाणाऱ्या प्रत्येक बाईला पान-सुपारी आणि एकवीस रुपये. ओळख असो, नाते असो. फुकट गाणे घ्यायचे नाही. हा खर्च घरच्या हिशेबात मी 'इतर' खाली लिहितो.

हे सगळे त्या लॅपटॉपमध्ये होते आणि जानेवारीपासून त्याच्या पोटातून कट-कट असा आवाज येऊ लागला होता. आमच्याकडच्या दुरुस्तीवाल्याने कान लावून ऐकले आणि म्हणाला, "काकाजी, याची हार्ड डिस्क जाऊन रायली. उद्या जाईल नाई तं महिन्यानं जाईल. चालू कमी करा."

सुटी डिस्क घेऊन त्यात उतरवून का ठेवत नाही, असे वाचणाऱ्याला वाटेल. ते करून झाले होते. चार वर्षांपूर्वी सुमनने दोन सुट्या डिस्क घेतल्या. कधी हिच्यात भरायची, कधी तिच्यात. सहा महिन्यांनी कुठल्या डिस्कमध्ये काय आहे याचा मेळ लागेना. त्यातली एक पडली आणि एकोणीस गाणी गेली. ती दुसरीत असतील असे आम्ही धरून चाललो होतो, ती नव्हती. पुढे दुसरीही बंद पडली. तेव्हापासून सुमनने ठरवले होते की दोन डिस्क एकाच डब्यात बसवलेला प्रकार घ्यायचा, ज्यात एकदा भरले की डबा स्वतःच दोन्ही डिस्कवर उतरवतो. एक गेली तर दुसरी शाबूत. आणि तो डबा पिशवीत मावला पाहिजे, कारण म्हाताऱ्यांना त्यांचीच गाणी ऐकवायला ती परत परत जाते.

मी म्हणालो, ठीक आहे, गोंदियाला जाऊन आणू. एका दिवसाचे काम आहे.

गोंदिया

पॅसेंजरमध्ये सुमनने लॅपटॉप मांडीवर धरला होता. गाडी रूळ बदलताना हलली की ती माझ्याकडे बघायची, जणू गाडी मी चालवत होतो.

पहिल्या दुकानात मुलाने पेन ड्राइव्ह काढले. मी डबा म्हणालो, त्याने डीव्हीडीचा डबा काढला. दुसऱ्या दुकानात सल्ला मिळाला, "नेट पे डाल दो ना, सब नेट पे डालते हैं।" मी तिथेच काउंटरवर हिशेब केला. माल तीनशे ऐंशी जीबी, आमच्या गावचे नेट हे असे. रात्रंदिवस न थांबता चढवले तर जवळपास चार महिने. लोडशेडिंग धरले तर आठ. दुकानदार म्हणाला, "अंकलजी, आप बहुत हिसाब करते हो।" मी म्हणालो, पोटासाठी तेच करतो.

तिसऱ्या दुकानाचे मालक, ज्यांना सगळे सेठ म्हणतात, त्यांना प्रकार माहीत होता. त्यांनी कागदावर दोन चौकोन काढून दाखवले. डबा सहा हजार चारशे. त्यात एक-एक टीबीच्या दोन डिस्क, प्रत्येकी पाच हजार दोनशे पन्नास. एकूण सोळा हजार नऊशे. लॅपटॉपच्या तारेवरच चालतो, वेगळा प्लग नको. वजन पाऊण किलो. सुमनचा चेहरा खुलला.

मी विचारले, "म्हणजे दोन टीबी जागा मिळेल."

"नहीं अंकलजी, एक।"

"दोन डिस्कचे पैसे घेऊन?"

"दोनों में सेम माल जाता है ना। इसलिए एक। और वो भी कॉम्प्युटर में नौ सौ इकतीस दिखेगा।"

मी पेन खाली ठेवला. "हजारातले एकोणसत्तर कुठे गेले?"

"वो ऐसाच आता है।"

आता मी मिलमधला माणूस. शंभर किलो धान भरडले की सदुसष्ट किलो तांदूळ उतरतो, हे मी रोज लिहितो. पण बाकीच्याचे काय होते ते मला सांगता येते. कोंडा किती, कणी किती, तूस किती. इथे एकोणसत्तर जीबी गेले आणि कोंडासुद्धा कोणी दाखवत नाही. त्यावर उरलेल्याचा निम्मा भाग डबा खातो. सोळा हजार नऊशे मोजायचे, नावाला दोन हजार जीबी घ्यायचे आणि हातात नऊशे एकतीस. असा उतारा दाखवणारी मिल दुसऱ्या दिवशी बंद पडेल.

सुमन म्हणाली, "अहो, निम्मं कुठे जात नाही. राखण करते. त्याचेच तर पैसे."

"कळलं मला."

"कळलं तर मग सेठजींना कायले त्रास देता?"

डबा दुकानात नव्हता. नागपूरहून मागवावा लागणार, मंगळवारपर्यंत येईल. मंगळवारपर्यंत लॅपटॉप राहील का हे कोणी सांगू शकत नव्हते, आणि तोवर साधी सुटी डिस्क घ्यायला सुमन तयार नव्हती: लॅपटॉप एकदाच वाचेल, तर थेट डब्यातच. तेव्हा सेठ म्हणाले की बिरसीला त्यांच्या ओळखीचे मिश्राजी आहेत, त्यांच्याकडे असाच जुना डबा विकायला आहे, बघून या. पसंत पडला नाही तर नवा मागवू.

आम्ही निघालो. सुमन पायऱ्या उतरली तेव्हा मी वळून सेठना म्हणालो, "आणि नवा आलाच, तर माल मला पूर्ण दिसला पाहिजे. अर्धा माल मी घेत नाही."

हे वाक्य वाचणाऱ्याने लक्षात ठेवावे. सेठनी ठेवले.

बिरसी

स्टेशनजवळ समोसा आणि आलुबोंडा खाल्ला, वर रस्सा इतका तिखट की सुमनने चहा दोनदा घेतला. मग बसने बिरसी. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना धान कापलेल्या बांध्यांत, म्हणजे खाचरांत, लाखोरीचे कडधान्य उभे होते, आणि मध्येच जवसाचा निळा पट्टा. विमानतळाच्या कुंपणापलीकडे शिकाऊ वैमानिकांची छोटी विमाने एकामागून एक उतरत होती, टेकत होती आणि लगेच उठत होती. कुंपणाच्या अलीकडे शेंगा तोडणाऱ्या बायका मान वर करत नव्हत्या. म्हशीही नाही. फक्त मी बघत उभा राहिलो आणि शेणात पाय दिला.

मिश्राजी विमानांच्या देखभालीच्या कामावर होते आणि गावातच भाड्याने राहत होते. माणूस चांगला. चहा दिला, पायाला पाणी दिले. मग पलंगाखालून डबा ओढून काढला. ओढून म्हणतो, कारण तो उचलण्यासारखा नव्हता. चार डिस्कचा, लोखंडी, सोबत विटेएवढा वेगळा अडॅप्टर. चालू केल्यावर त्यातल्या पंख्याने असा सूर धरला की बाहेरचे विमान ऐकू येईना.

"कितने घंटे चला है?" मी विचारले. ट्रॅक्टर घेताना मी हेच विचारतो.

मिश्राजींनी स्क्रीनवर बघून प्रामाणिकपणे सांगितले, "इकतीस हज़ार। दफ्तर में लगा था, चौबीसों घंटे।"

एकतीस हजार तास म्हणजे साडेतीन वर्षे, डोळा न मिटता. त्याचे नऊ हजार मागत होते. सुमनने तो दोन्ही हातांनी उचलून पाहिला आणि खाली ठेवला. "हे घेऊन मी टोल्यावर जाऊ का डोक्यावर? आन् तिथं लाइन नसली तं?"

मिश्राजी हसले. "भाभीजी, ये टोले का नहीं, टेबल का है।" विकायला बसलेला माणूस असे बोलतो हे मी गोंदिया जिल्ह्यात प्रथमच ऐकले.

गोंदियाला परत येऊन सेठना पाच हजार आगाऊ दिले, उरलेले माल पाहून द्यायचे ठरले. सेठनी फोन लावले. नागपूरचा व्यापारी म्हणाला, रायपूरकडे जाणाऱ्या गाडीत रात्रीच टाकतो, पण ती गाडी गोंदियात येत नाही. कोहमाऱ्याच्या चौकात एका ढाब्यावर पार्सल उतरवेल, सकाळी उचला. म्हणजे मंगळवारऐवजी रविवारी. सुमन लगेच हो म्हणाली. लॅपटॉप आणि तार सोबत न्यायची, तिथेच लावून बघायचे आणि तिथेच उतरवायला सुरुवात करायची, हेही तिनेच ठरवले. मी विचारले, ढाब्यावर? ती म्हणाली, "तो कट-कट करून रायला, त्याले काय सांगू, घरी चल म्हणून?"

कोहमारा

रविवारी सकाळी गोरेगावमार्गे कोहमारा. पळस फुलला होता, जंगलात जागोजागी लाल. सुमनने एकदाही बाहेर पाहिले नाही. प्रत्येक खड्ड्याला गोधडी वर उचलत होती.

कोहमारा म्हणजे चौक. चारी बाजूंनी ट्रक येतात, थांबतात, जेवतात, जातात. ढाब्याचे मालक वासुदेवभाऊ गल्ल्यावर बसून पार्सलाच्या डब्यावर कोपर टेकवून चहा पीत होते. सोळा हजार नऊशेच्या वस्तूवर कोपर. मी काही बोलण्याआधी ते म्हणाले, "या जी, तुमचंच का हे? रातीपासून पाहून रायलो, कोनाचा लाडूचा डबा आला म्हनून."

पार्सलाचे दीडशे दिले. कोपऱ्यातली खाट आणि टेबल मिळाले. डबा सुंदर होता. काळा, दोन वह्या एकमेकींवर ठेवाव्यात एवढा, समोर दोन हिरवे दिवे, मागे एक बारीक खटका. साडेदहाला लॅपटॉप सुरू केला. कट-कट झाली, आणि पडदा उजळला. तार लावली. डबा दिसला. मी जागा वाचली आणि माझ्या जिवाला बरे वाटले.

सुमनने सगळ्या फाइली एकदम ओढून टाकल्या. चार तास दाखवत होता. लॅपटॉपची बॅटरी केव्हाच संपलेली, तो ढाब्याच्या प्लगवर चालत होता. लाइन लोडशेडिंगमुळे नव्हती, म्हणजे ढाबा जनरेटरवर आणि आम्ही ढाब्यावर.

साडेअकराला गर्दी ओसरली. वासुदेवभाऊ उठून मागे निघाले. मी विचारले, कुठे?

"जनरेटर बंद करतो जी. गिऱ्हाइक नाई, कायले जाळू डिझल?"

सुमन खाटेवरून उभीच राहिली. "भाऊ, बंद करू नका. मधेच बंद पडला तं परत उठणार नाही तो."

"काय भरून रायले यवढं? सिनेमा?"

"लग्नाची गाणी. म्हाताऱ्यांची."

त्यांनी माझ्याकडे पाहिले. मी म्हणालो, डिझेलचे मी देतो. एरवी लिटरचा भाव, तासाला किती जळते, हे सगळे विचारले असते. विचारले नाही. वासुदेवभाऊंनी तोंडात बडीशेप टाकली, परत बसले आणि टीव्हीवर मॅच लावली. दुसऱ्याच्या डिझेलवर मॅच बघायला मिळते म्हटल्यावर तीन ट्रकवाले जेवण झाल्यावरही उठले नाहीत. त्यातला एक दर थोड्या वेळाने मला विचारी, "चाचा, दुल्हन आई क्या?"

आम्ही दाल-रोटी घेतली. जेवताना सुमनने सहज विचारले, "जागा किती दाखवली होती?"

"एक पूर्णांक एक्याऐंशी टीबी," मी म्हणालो. थोडे ऐटीत म्हणालो असेन.

तिचा घास हातात राहिला. "सेठ नऊशे एकतीस म्हणाले होते."

"तेच तर. निम्मं काही कापलं नाही त्यांनी."

"निम्मं कापलं नाही म्हणजे राखण नाही," सुमन म्हणाली. "दोन्ही डिस्क जोडून एक केल्या आहेत."

मी सेठना फोन लावला. रविवार असूनही त्यांनी उचलला. आवाज अगदी प्रसन्न. "देखा अंकलजी! पूरा दिखा ना? आप बोले थे आधा माल नहीं लूँगा, तो मैंने नागपूर फोन करके पीछे का स्विच फुल पे करवा दिया। आपके लिए स्पेशल।"

मागचा तो बारीक खटका. एका बाजूला केला तर दोन्ही डिस्क एकमेकींची नक्कल. दुसऱ्या बाजूला केला तर दोन्ही मिळून एक मोठी, आणि प्रत्येक फाइलचे तुकडे दोन्हींवर वाटलेले. एखादी पावती मधोमध फाडून अर्धी एका कपाटात आणि अर्धी दुसऱ्यात ठेवावी तसे. एक कपाट जळले की दुसऱ्यातली अर्धी पावती कोणी विचारत नाही. म्हणजे एका सुट्या डिस्कला जो धोका होता, तो मी सोळा हजार नऊशे देऊन दुप्पट करून घेतला होता. राखण विकत घ्यायला गेलो आणि घासाघीस करून ती कमी करून आणली.

मला इतका राग आला की कोणावर ते समजेना. गल्ल्यावर दातकोरण्यांचा डबा होता. त्यातली एक उचलली आणि खटक्याच्या भोकात घातली. चुकीचा माल चुकीच्या जागी एक मिनिटही ठेवायचा नाही, असे माझे मिलमधले वळण. खटका फिरवायचा, सगळे पुसायचे आणि पहिल्यापासून नीट भरायचे.

सुमनने माझे मनगट धरले. जोरात धरले, बांगडी रुतली.

"सोडा ती काडी."

"चुकीचं भरून राहिलं आहे ते."

"भरून तर राहिलं आहे! हा पुसलात तर लॅपटॉपला परत पहिल्यापासून वाचायला लावाल. तो एकदा वाचून रायला हेच खूप. दुसऱ्यांदा वाचेल याची पावती आहे तुमच्याजवळ?"

ट्रकवाल्यांनी मॅच सोडून आमच्याकडे मान वळवली. वासुदेवभाऊ म्हणाले, "वहिनी बराबर बोलून रायली जी. ठेवा ते."

दातकोरणी ठेवली. त्यानंतर दोन तास आम्ही स्क्रीनला डोळे लावून बसलो. स्क्रीनवरची हिरवी पट्टी सरकत होती, कट-कट वाढत होती. दोन ठिकाणी पट्टी थांबली. पहिल्यांदा थांबली तेव्हा सुमनने लॅपटॉपवर हात ठेवला, तापलेल्या मुलाच्या कपाळावर ठेवतात तसा. दुसऱ्यांदा मी ठेवला.

अडीचला पूर्ण झाले. सुमनने डब्यातली गाणी मधून मधून उघडून पाहिली. सगळी होती. लॅपटॉप बंद केला, तार काढली. मग, फक्त बघावे म्हणून, मी लॅपटॉप परत सुरू केला. चार वेळा कट-कट झाली, नंतर तीही नाही. पडदा काळाच राहिला. परत कधी उजळला नाही.

मी मनातल्या मनात तो खटका फिरवून पाहिला: एक गाणे उरले नसते. सुमनने डबा गोधडीत गुंडाळला. मला चार शब्द सुनावले असते तर बरे वाटले असते.

वासुदेवभाऊंनी डिझेलचे तीनशे सांगितले, मी तीनशे दिले. ट्रकवाला म्हणाला, "चाचा, मैच का टिकट कितना हुआ?"

परत गोंदिया

आता स्थिती अशी: आठ वर्षांची दोनशे सत्तर गाणी जगात एकाच ठिकाणी होती, आणि ते ठिकाण म्हणजे राखण नसलेला तो डबा, सुमनच्या मांडीवर, कोहमाऱ्याच्या चौकात. बस मिळेना. दुसऱ्या दिवशी माघ पौर्णिमा, सालेकशाजवळच्या कचारगडला गोंडांची यात्रा. सगळ्या गाड्या भरून जात होत्या. शेवटी काळी-पिवळी जीप मिळाली. ड्रायव्हर एका बाकावर चौघांऐवजी सहा बसवत होता. मी तीन सीटचे पैसे पुढे केले.

"तीसरा कौन?"

मी डबा दाखवला.

"डब्बे का भी किराया?"

"हो. आणि हळू चालवा."

तो हसला, पण पैसे घेतले, आणि गोंदियापर्यंत त्या बाकावर सहावा माणूस चढू दिला नाही. उतरताना एकाने विचारले, प्रसाद आहे का? सुमन म्हणाली, हो.

सेठनी अर्धे शटर वर केले. काय झाले ते ऐकल्यावर त्यांचा चेहरा खरोखर पडला. माझे मलाच कळत होते की त्यांनी माझे सांगितलेले ऐकले, एवढाच त्यांचा दोष. ओरडायचे ठरवून गेलो होतो, ते राहूनच गेले. आता वाट एकच होती, आणि ती सुमनने येतानाच ठरवली होती. एक तिसरी सुटी डिस्क घ्यायची. डब्यातले सगळे आधी तिच्यात उतरवायचे. ते तपासायचे. मग डबा पुसून खटका फिरवायचा आणि तिच्यातून परत डब्यात.

सेठनी तिसरी डिस्क पाच हजाराला लावली, अडीचशे स्वतःहून सोडले. माझ्याजवळ पुरत नव्हते. सुमनने एटीएममधून सहा हजार काढून आणले. दुकानाचे कॉम्प्युटर नवे, काम झपाट्याने झाले. तिसऱ्या डिस्कवरची गाणी सुमनने तासभर तपासली. मग सेठ माझ्याकडे टाचणी धरून म्हणाले, "अंकलजी, आप ही घुमाओ।"

मी खटका फिरवला. दोन्ही दिवे विझले, परत लागले. कॉम्प्युटरने जागा दाखवली: नऊशे एकतीस. आयुष्यात कमी आकडा बघून आनंद झाला असा हा एकच प्रसंग.

गाणी तिसऱ्या डिस्कवरून परत डब्यात उतरली, आणि सेठना राहिलेले अकरा हजार नऊशे आणि डिस्कचे पाच हजार मोजून दिले. शेवटच्या गाडीने घरी.

सालेकसा

माझे म्हणणे होते की डबा आणि तिसरी डिस्क आता कपाटात शेजारी शेजारी ठेवू. सुमन म्हणाली, "तुमचे बाबा बियाण्याचं धान एकाच घरात ठेवायचे का?" नव्हते ठेवत. एक पोते नेहमी माझ्या आत्याकडे, दुसऱ्या गावी. घर जळाले तरी बी राहावे म्हणून. मी हे तिला लग्नानंतर स्वतःच सांगितले होते आणि विसरलो होतो. म्हणून सोमवारी डबा घरी कुलपात आणि डिस्क घेऊन आम्ही सालेकशाला, तिच्या माहेरी.

गाडीत उभे राहायला जागा नव्हती. छत्तीसगडकडून, मध्य प्रदेशातून आलेले गोंड यात्रेकरू, गळ्यात पिवळे दुपट्टे, डोक्यावर गाठोडी. आमच्याकडे यात्रेला निघालेला माणूस आधी बसायला जागा शोधतो. हे लोक आधी गाठोडे ठेवायला जागा शोधत होते, कारण त्यात देवाचे सामान होते. एका म्हातारीने सुमनच्या छातीशी धरलेल्या पिशवीकडे बघून हिंदीत विचारले, काय आहे? सुमन म्हणाली, गाणी. म्हातारीने मान हलवली आणि तिला टेकायला खिडकीजवळची जागा दिली. यात विचित्र काही आहे असे तिला वाटले नाही.

सासूबाईंनी लाखोरीच्या डाळीचे वडे केले होते. डिस्क बघून त्यांनी किंमत विचारली. मी सगळी मिळून सांगितली.

"यवढ्यात तं दुभती म्हैस आली असती जावईबापू."

"आली असती," मी म्हणालो.

"मंग काऊन नाई आनली?"

साळ्याच्या कॉम्प्युटरला डिस्क लावून सुमनने सासूबाईंच्या थोरल्या बहिणीचे हळदीचे गाणे लावले. त्या बहिणीला जाऊन दोन वर्षे झाली. सासूबाई पदर तोंडावर धरून ऐकत राहिल्या. मला वाटले, रडतील. गाणे संपल्यावर त्यांनी पदर काढला.

"दुसऱ्या कडव्यात चुकली थे. म्या तवाच सांगितलं होतं तिले, आयकते कुटं?"

आणि बरोबर कडवे कसे ते सांगण्यासाठी त्यांनी तेच गाणे पहिल्यापासून म्हणायला घेतले. आठ वर्षे सुमन मागे लागली होती आणि त्या आवाज गेला म्हणून नकार देत होत्या. सुमनने पिशवीतून रेकॉर्डर इतक्या हळू काढला की साडीचीही सळसळ झाली नाही. त्या गात होत्या, वडे गार होत होते, आणि सगळे जण हात न लावता बसले होते.

लगेच ते गाणे डिस्कवर उतरवले. म्हणजे आता डिस्कवर दोनशे एकाहत्तर आणि घरच्या डब्यात दोनशे सत्तर. तीन दिवस धावून दोन्हीकडचा आकडा जुळवला होता, तो एक दुपार टिकला नाही. मी हे बोलून दाखवले. कोणी लक्ष दिले नाही.

निघताना मी पाया पडलो, तर सासूबाईंनी आशीर्वादाचा हात तसाच उलटा करून पुढे धरला.

"माये एकवीस कुटं?"

"आई," सुमन म्हणाली, "तू माझी आई."

"आन् मंग? साऱ्या गावाले देते, मलेच कायले नाई?"

सुमनने माझ्याकडे पाहिले. डबा सोळा हजार नऊशे, पार्सल दीडशे, तिसरी डिस्क पाच हजार, डिझेल तीनशे, प्रवास डब्याच्या सीटसकट साडेसहाशे, खाणेपिणे चारशे. तेवीस हजार चारशे. वर शेवटचे एकवीस, दोन दहाच्या नोटा आणि एक रुपयाचे नाणे, सासूबाईंना, रोख. त्यांनी ते मोजून घेतले.